जड दगड फेसावर कसा तरंगतो?

मंडळी, गेवराईत बसून खाणीचा विषय जरा लांबचा वाटेल. आपल्याकडे वर काळी माती, खाली काळा पाषाण. तांब्याचा पत्ता नाही. पण विहिरीवरची मोटार जळाली की रिवाइंडिंगला तार तांब्याचीच लागते. ते तांबं दगडातून निघतं कसं, ते आज बघू.

आपल्याला जवळची मोठी खाण म्हणजे गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड. हिंदुस्तान कॉपरची. तिथल्या दगडात तांबं साधारण शंभरात एक भाग. म्हणजे ९९ भाग नको असलेले! असा दगड थेट भट्टीत टाकणं परवडत नाही. म्हणून आधी निवडानिवड.

दहावीच्या पुस्तकात याला फेनतरण म्हणतात. आधी दगडाचं पीठ करायचं, बहुतेक कण दशांश मिलिमीटरहून बारीक. कण जाड राहिला तर तांब्याचं खनिज गारगोटीला चिकटलेलंच राहतं. फार बारीक झाला तर तो बुडबुड्याला नीट सापडत नाही. मग त्या पिठाचा पाण्यात लगदा करून टाकीत खालून हवा सोडायची.

आता खरी गंमत. तांब्याचं खनिज, चाल्कोपायराइट, पाण्याच्या चारपटीहून जड. गारगोटी अडीचपटीहून थोडी जास्त. वजनाचा हिशोब धरला तर दोन्ही बुडणार, आणि तांबं आधी. पण इथे वजन नाही, कणाचं अंग बघितलं जातं. झँथेट नावाचं रसायन टनाला काही ग्रॅमच घालतात. त्याचं एक टोक तांब्याच्या खनिजाला धरतं, दुसरं पाण्यापासून तोंड फिरवतं. जणू कणाला तेलाचा हात लागला. असा कण बुडबुड्याला चिकटून वर येतो. ओली गारगोटी खालीच राहते. पुस्तकात पाइन तेलाचं नाव ठळक असतं, पण आजच्या कारखान्यात त्याचं काम मुख्यतः फेस टिकवण्याचं. कण पकडण्याचं काम वेगळ्या रसायनाचं. ही दोन कामं आपण नेहमी एकत्र करून टाकतो. वर चुना घालतात, तो लोखंडाच्या पायराइटला खाली दाबून ठेवायला.

गुऱ्हाळात काहिलीवर भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, आपण झाऱ्यानं काढून फेकतो. इथे उलटं: फेस ठेवायचा, खालचं टाकायचं.

हिशोब करून बघा. १०० टन दगडात १ टन तांबं. त्यातलं ९० टक्के हाती लागलं आणि फेसातल्या मालात तांबं २५ टक्के धरलं, तर माल होतो साडेतीन टनाच्या आसपास. उरलेला ९६ टनांहून जास्त गाळ! तो बांध घालून साठवावा लागतो, वर निवळलेलं पाणी परत कारखान्यात घ्यावं लागतं. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मग कुणी विचारेल, तलावातला गाळ आपण शेतात टाकतो, तसा हा टाकला तर? नाही चालणार. तलावातला गाळ म्हणजे वाहून गेलेली आपलीच माती. हे मात्र नुसतं दगडाचं पीठ, सेंद्रिय अंश जवळजवळ शून्य. शिवाय त्यात पायराइट उरलेलं असलं, तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि उरलेले धातू त्यात विरघळतात. म्हणून कारखाना बंद झाल्यावरही त्या बांधावर लक्ष ठेवावं लागतं.