पंखे लावलेला सदरा

जुलै-ऑगस्टमध्ये जपानमधल्या एखाद्या बांधकामावर नजर टाकली, तर कामगारांची जाकिटं तट्ट फुगलेली दिसतात. पाठीमागे कमरेच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढा एकेक पंखा आणि आतल्या खिशात बॅटरी. रस्ता खणणारे, सेंट्रिंग बांधणारे, ट्रकमधून माल उतरवणारे, शेतात राबणारे, सगळ्यांच्या अंगावर हेच. मकितासारखी ड्रिल मशीन बनवणारी कंपनीही ही जाकिटं विकते, आणि हत्याराचीच बॅटरी जाकिटाला चालते.

ही कल्पना हिरोशी इचिगाया यांची. ते सोनीत इंजिनिअर होते. 1991 मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वतःची संस्था काढली. कामानिमित्त आग्नेय आशियात फिरताना त्यांना जिकडेतिकडे नव्या इमारती उठताना दिसल्या. या साऱ्या इमारतींत एसी बसले तर वीज किती लागेल, या विचाराने त्यांना घेरलं. खोली थंड करण्यापेक्षा माणूस थंड केला तर? सुरुवातीला त्यांनी कपड्यात पाणी खेळवून पाहिलं. मग लक्षात आलं, की बाहेरून पाणी आणायचं कारणच नाही. ते शरीर स्वतःच सोडतं. 2004 मध्ये त्यांचा पंख्याचा सदरा बाजारात आला. 'कूचोफुकु' हे त्याचं नाव.

माठ ज्या न्यायाने गार होतो, त्याच न्यायाने आपणही गार होतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो अंगातली सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. एक किलो बर्फ वितळताना फक्त 334 किलोज्यूल शोषतो. बर्फाच्या पिशव्या भरलेली जाकिटंही मिळतात आणि पहिला काही वेळ ती फार सुखावतात. पण बर्फ वितळला की उरतं ते नुसतं ओझं. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाचा मात्र काहीच उपयोग नाही. तो कातडीवरच वाळला पाहिजे, आणि पंख्याचं काम तेवढंच आहे.

या सदऱ्याचं कौतुक वाटतं ते त्याच्या शिवणीमुळे. आपल्याकडे उन्हाळी कपडा म्हणजे झिरझिरीत; इथे उलट. कापड घट्ट विणीचं लागतं, नाहीतर वारा मधूनच निसटतो. कमरेला इलॅस्टिक असतं. पंख्यांनी ओढलेली हवा खालून पळू शकत नाही. ती पाठीवरून, छातीवरून, काखेतून फिरत गळ्याशी आणि मनगटाशी बाहेर पडते. कॉलरच्या आत मानेमागे छोट्या दोऱ्या असतात. त्या बांधल्या की मान आणि कॉलर यांच्यात फट राहते आणि ओली मान वाळत राहते. आत अंगाला चिकटून बसणारा, घाम टिपणारा बनियन घालायचा. उंचावर काम करणाऱ्याने सेफ्टी हार्नेस जाकिटाच्या वरून आवळला, तर हवा अडते. म्हणून त्याच्यासाठी पट्टे आत ठेवून दोर बाहेर काढायला पाठीत भोक ठेवलेलं जाकीट असतं. वेल्डरसाठी सुती कापड, कारण ठिणगीने पॉलिएस्टर वितळतं. हे सगळं सुचायला कामगाराच्या शेजारी उभं राहून पाहावं लागतं.

नुसत्या वाऱ्याने भागत नाही अशा जागाही आहेत. जून 1966 मध्ये जेमिनी 9 मधून अंतराळात बाहेर पडलेले यूजीन सर्नन पोशाखातल्या खेळत्या हवेला न जुमानता इतके तापले, की त्यांच्या शिरस्त्राणाची काच धुरकटून गेली. अपोलोच्या चांद्रवीरांना म्हणूनच बारीक नळ्यांतून पाणी फिरवणारा अंतर्वस्त्राचा पोशाख मिळाला.

जमिनीवरही या सदऱ्याला मर्यादा आहेत. आपली कातडी साधारण 35 अंशांवर असते. त्याहून गरम हवा आत घेतली, तर ती उष्णताही आत आणते. चंद्रपूर-नागपूरच्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हात घाम झपाट्याने वाळेल खरा, पण पाणी कमी प्यायलेल्या माणसाला तिथे हा सदरा वाचवू शकणार नाही. मुंबईच्या दमट ऑक्टोबरमध्ये हवा तेवढी तापलेली नसते. तिथे वाऱ्याने आराम पडेल, मात्र दमटपणा जितका जास्त तितका फायदा कमी. पेट्रोलच्या किंवा रंगाच्या थिनरच्या वाफा असतील तिथे हे जाकीट घालूच नये.

जपानने उन्हाचा प्रश्न कामगाराच्या मर्जीवर सोडलेला नाही. 1 जून 2025 पासून तिथे, 31 अंश किंवा त्याहून अधिक तापमानात सलग तासभर किंवा त्याहून जास्त काम करून घेणाऱ्या मालकाला उष्माघाताची लक्षणं कळवण्याची आणि उपचारांची व्यवस्था आधीच लावून ठेवावी लागते. कुचराई केली, तर दंड किंवा कैद होऊ शकते.

आपल्याकडचा बिगारी डोक्याला उपरणं गुंडाळून भर दुपारी स्लॅबवर उभा असतो. गमबूट आणि हेल्मेट जसं मालकाने द्यायचं, तसाच हा सदराही त्यानेच द्यायला हवा. मजुराच्या हजेरीतून त्याचे पैसे कापू नयेत. आणि ठेकेदारांनो, आधी सावली द्या, गार पाणी द्या, दुपारी बारा ते चार काम थांबवा. पंख्यांची खरेदी त्यानंतर.