दगड, गेरू आणि पोलाद

भिलई हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. परंतु लोखंडाचा शोध लागण्यापूर्वी लक्षावधी वर्षे मानवाचे व्यवहार मुख्यतः दगडाच्या आधारे चालत होते. लेखनकला अवगत होण्यापूर्वीच्या त्या काळाला प्रागैतिहासिक काळ म्हणतात.

या काळाची ओळख करून देण्यास एका खोलीचे स्थानिक संग्रहालयही पुरेसे असते. काचेच्या कपाटात मांडलेली दगडी हत्यारे प्रथमदर्शनी नदीकाठच्या गोट्यांसारखीच भासतात. नीट निरखल्यावर फरक कळतो. प्रवाहात घासलेला गोटा गुळगुळीत होतो. हत्याराच्या कडेला मात्र नेमके आघात करून टवके काढल्याच्या खुणा ओळीने दिसतात. आरंभीची हातकुऱ्हाड मुठीत धरून वापरली जाई. पुढे बोटाच्या पेराएवढी सूक्ष्मास्त्रे घडवून ती लाकडाच्या खाचेत बसवली जाऊ लागली. हत्याराचा आकार घटत गेला, कौशल्य मात्र वाढत गेले.

चित्रांची गोष्ट निराळी आहे. छत्तीसगडमधील रायगढ जिल्ह्यात सिंघनपूर व कबरा पहाड येथे खडकांच्या नैसर्गिक निवाऱ्यांत, म्हणजेच शैलाश्रयांत, माणसे व प्राणी लाल रंगात रेखाटलेले आहेत. खडकाची भिंत उचलून आणता येत नाही. म्हणून अशा चित्रांच्या प्रतिकृती किंवा छायाचित्रे संग्रहालयात ठेवतात. प्राचीन शैलचित्रांतील लाल रंग बहुधा गेरूपासून तयार करीत. गेरूला लाली येते ती हेमॅटाइट या लोहखनिजामुळे. भिलईच्या कारखान्याला दल्ली-राजहराच्या खाणींनी पुरवलेले खनिजही हेमॅटाइटच आहे. आदिमानवाने ज्याचा रंग केला, त्याच खनिजापासून भिलईत रेल्वेचे रूळ घडले.

संग्रहालयात प्रत्येक हत्याराशेजारी एक चिठ्ठी असते. हत्यार कोठे, मातीच्या कोणत्या थरात आणि कशासोबत सापडले, याची नोंद तीत असावी लागते. कारण हत्याराचे वय बहुधा त्या थरावरूनच ठरते. कुतूहलापोटी घरी आणलेल्या हत्याराचे सौंदर्य टिकते, पण त्याची साक्ष कायमची नष्ट होते.

शेत नांगरताना किंवा विहीर खणताना असे अवशेष प्रथम कष्टकऱ्यांच्याच दृष्टीस पडतात. अशा वेळी वस्तू जागेवरून न हलवता ठिकाणाची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. इतिहासाचे जतन त्या क्षणी त्यांच्याच हाती असते.