संगणकाचे कोठार

कलाशाखेच्या वार्षिकांकात हार्ड डिस्कवरचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. हा विषय विज्ञान शाखेकडे सोपवावा आणि आपण आपली ज्ञानेश्वरी व मर्ढेकर वाचावेत, असेही कोणी म्हणेल. परंतु प्रबंधाचे कच्चे खर्डे, हस्तलिखितांची छायाचित्रे, खेड्यापाड्यांत ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या हे सारे आज आपण संगणकातच ठेवतो. प्रबंध एक वेळ पुन्हा लिहिता येईल. ओवी गाणारी आजी मात्र उद्या असेलच असे नाही. तिचा आवाज ज्या पेटीत ठेवायचा ती पेटी पारखून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि एवढ्या धुडात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे! आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि एका दांडीच्या टोकाला असलेले ‘हेड’ तिच्यावर लिहिते व वाचते. ग्रामोफोनची आठवण यावी अशीच ही रचना आहे. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि हे हेड टेकत नाही. ते काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणूनच चालू डिस्कला धक्का बसणे घातक.

दुसरा प्रकार एस. एस. डी.चा. हिच्यात फिरणारे काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून त्याच्या रूपाने माहिती ठेवलेली असते. फिरत्या तबकडीचा एक फेरा, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या हिशेबाने, सुमारे ८ मिलिसेकंदांचा असतो. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. हे चार मिलिसेकंद आपल्याला क्षुल्लक वाटतात. पण संगणक सुरू होताना असे हजारो लहान तुकडे शोधावे लागतात आणि ही थांबण्याची वेळ साचत जाते. एस. एस. डी.ला ही वाट पाहावीच लागत नाही. म्हणून जुना, रखडणारा लॅपटॉप टाकून देण्यापूर्वी त्यातली हार्ड डिस्क काढून एस. एस. डी. बसवून पाहावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. मात्र आपल्या यंत्रात कोणती बसते ते आधी पाहावे. अडीच इंची चपट्या डबीसारखी एक असते आणि च्युइंगगमच्या पट्टीसारखी ‘एम. टू’ दुसरी. या पट्ट्यांतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही.

आता प्रश्न आकाराचा. येथे दुकानदाराचे ऐकण्यापेक्षा गणित करावे. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. पानाला २,००० चिन्हे धरली तर ३०० पानांच्या प्रबंधाचा मजकूर सुमारे १८ लाख बाइट, म्हणजे दोन मेगाबाइटसुद्धा नाही. एका टेराबाइटच्या डिस्कमध्ये असे साडेपाच लाख प्रबंध मावतील. एवढे मार्गदर्शक कोठून आणायचे? ध्वनीची भूक मोठी असते. सीडीच्या दर्जाचे, न आकसलेले ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट घेते. म्हणजे शंभर तासांच्या ओव्या ६४ गिगाबाइटच्या आत येतात. चलच्चित्रे नसतील तर आपल्यापैकी बहुतेकांना एक टेराबाइट पुरून उरते. ती संगणकाला लावल्यावर ९३१ दिसली तर फसवले गेलो असे समजू नये. कंपनी हजारांनी मोजते आणि विंडोज १,०२४ने, एवढाच तो फरक.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. काही हार्ड डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात आणि वारंवार लिहिताना गती मंदावते. या पद्धतीला एस. एम. आर. म्हणतात. ग्राहकाला न सांगता अशा डिस्क विकल्या गेल्याचे २०२० साली उघड झाले होते. नुसत्या साठवणीला ती चालते, रोजच्या कामाला सी. एम. आर. बरी. एस. एस. डी.च्या बाबतीत एका कप्प्यात तीन बिट की चार, हे विचारावे. चारवाली स्वस्त असते, पण ती लिखाणाने लवकर झिजते. तरी या झिजेची फार धास्ती नको. समजा ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे आणि आपण रोज ३० गिगाबाइट लिहितो, तर ती मर्यादा गाठायला २७ वर्षे लागतील.

मग घ्यावे काय? माझे मत असे : संगणकात रोजच्या कामासाठी मध्यम आकाराची एस. एस. डी. असावी आणि संग्रहासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. त्याच जागेला हार्ड डिस्क स्वस्त पडते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या एस. एस. डी.मधला विद्युतभार ओसरू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन लहान घ्याव्यात. कोणत्याही कंपनीची, कितीही महाग डिस्क एक दिवस बंद पडणारच. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, तिच्यातली ओवी मिळत नाही. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पिशवीत ठेवल्या तर पिशवीबरोबर दोन्ही जातील. एक आपल्याकडे, दुसरी गावाकडच्या घरी किंवा विभागाच्या कपाटात असावी.

आपल्या विभागांतून प्रकल्पांसाठी दरवर्षी ध्वनिमुद्रणे होतात. त्यांची दुसरी प्रत प्रकल्प सादर होतानाच जमा करून घेण्याचा नियम प्राध्यापकांनी करावा, अशी माझी विनंती आहे. आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी ती डिस्क जोडून दोन-चार ध्वनिफिती ऐकून पाहाव्यात.