गरम झाली की रुसणारी गाडी

मे महिन्याची दुपार. खंडाळ्याच्या घाटात वळणाशी बाजूला घेतलेली प्रीमियर पद्मिनी. बॉनेट उघडे, आणि घामाने निथळणारे गृहस्थ बाटलीतल्या पाण्याने फडके भिजवून पेट्रोल पंपावर ठेवताहेत. मागच्या सीटवर मुले डब्यातल्या पुऱ्या संपवताहेत. पत्नी तिसऱ्यांदा विचारते, ‘‘आणखी किती वेळ?’’

गेल्या शतकात, सत्तरऐंशीच्या दशकांत ज्यांच्या घरी मोटार होती, त्यांना हे दृश्य नवे नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, पण ते ओले फडके अनेकांच्या आठवणीत आहे. अर्ध्या तासाने गाडी मुकाट्याने सुरू व्हायची आणि गृहस्थ विजयी मुद्रेने म्हणायचे, ‘‘व्हेपर लॉक झाला होता.’’

असाच रुसवा जगातल्या अत्यंत देखण्या आणि महागड्या जुन्या स्पोर्ट्स गाड्याही धरतात. फरक इतकाच, की पद्मिनीला एक फडके पुरायचे आणि इथे मालकाचे हजारो रुपये खर्च होऊनही दोष जागच्या जागी राहतो. तसे होण्याचे कारण बहुतेक वेळा गाडीत नसते, ते दोष शोधण्याच्या पद्धतीत असते.

उकळते पेट्रोल

पेट्रोल पाण्यासारखे एकाच तापमानाला उकळत नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उडू लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. त्यातून दाब कमी झाला, की उकळणे आणखी लवकर सुरू होते. पद्मिनीचा पंप इंजिनालाच जोडलेला होता आणि तो दूर मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढण्यामुळे नळीतला दाब कमी, शेजारी तापलेले इंजिन आणि घाटात मंद वेग. नळीत वाफ झाली की पंपाचा पडदा नुसताच वरखाली होत राहायचा, पेट्रोल पुढे सरकायचेच नाही.

पण गाडी चालताना बंद पडणे वेगळे आणि व्यवस्थित चालून आल्यावर, थांबवल्यानंतर पुन्हा सुरू न होणे वेगळे. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची तक्रार मुख्यतः ही दुसरी आहे.

इंजिन बंद केले की ते लगेच निवू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. जाड बुडाच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला तरी दूध क्षणभर वर येतच राहते, तसेच हे आहे. गाडी चालू असताना पंखा वारा घालत असतो, ताजे पेट्रोल नळ्यांमधून वाहत स्वतःबरोबर उष्णता घेऊन जात असते. किल्ली फिरवली, की हे सारे एकदम थांबते. तापलेल्या लोखंडातली उष्णता मात्र बाहेर येतच राहते आणि बंद बॉनेटखाली कोंडते. म्हणून इंजिनाभोवतालचे भाग गाडी बंद केल्यानंतर पंधरावीस मिनिटांनी चालू असतानापेक्षाही जास्त तापतात.

दोषाचा पहिला धागा इथेच सापडतो. पेट्रोल भरायला दोन मिनिटे थांबले, तर गाडी लगेच सुरू होते. रात्रभर उभी राहिली, तरी सकाळी एका किल्लीत सुरू होते. पण बाजारात वीस मिनिटे किंवा नातेवाइकांकडे चहाला अर्धा तास थांबून परत आले, की मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ येते.

नेमकी याच कारणाने फसगत होते. मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो, तोवर ती थंड झालेली असते. मेकॅनिक किल्ली फिरवतो, इंजिन तत्काळ सुरू होते. मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. आधी प्लग, मग बॅटरी, मग पेट्रोल पंप, मग इग्निशनचा डबा. प्रत्येक वेळी गाडी ‘दुरुस्त’ होऊन घरी येते आणि पुढच्या रविवारी सहकुटुंब बाहेर पडल्यावर कुठल्यातरी उपाहारगृहासमोर पुन्हा रुसते. अखेर घरातले म्हणू लागतात, विकून टाका ही पीडा. कित्येक चांगल्या गाड्या अशाच कंटाळून विकल्या जातात, आणि दोष असतो चिमटीत मावेल एवढ्या एका झडपेचा.

पोर्शेचे उदाहरण

ही झडप समजून घ्यायला जर्मनीची पोर्शे ९११ एससी चांगली. १९७८ ते १९८३ या मॉडेलवर्षांतली ही गाडी, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला, आणि तेही पाण्याविना, वाऱ्याने थंड होणारे. पेट्रोलची टाकी पुढे. कारब्युरेटर नाही. त्याऐवजी बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ नावाची यंत्रणा. यातला ‘के’ म्हणजे जर्मन भाषेतला ‘अखंड’. इंजिन चालू असेपर्यंत प्रत्येक सिलिंडरच्या तोटीतून पेट्रोलचा बारीक फवारा सतत सुरू असतो. ही यंत्रणा त्या काळी मर्सिडीज, व्होल्वो, ऑडी, एवढेच काय फेरारीच्या काही गाड्यांतही होती. त्यामुळे पोर्शेला जे लागू, ते पुष्कळ अंशी या सगळ्यांना लागू.

या यंत्रणेत विजेचा पंप पेट्रोलवर सुमारे ५ बार दाब ठेवतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहूनही अधिक. तोट्या साधारण साडेतीन बार दाबाला उघडतात. इंजिन बंद केल्यावर दाब त्याखाली यायला हवा, नाहीतर पेट्रोल गळत राहील. पण तो शून्यावर मात्र येता कामा नये. कुकरमधले पाणी शंभर अंशांना उकळत नाही, कारण आत दाब असतो. त्याच न्यायाने नळ्यांत थोडा दाब शिल्लक राहिला, तर तापलेले पेट्रोल उकळत नाही. हा उरलेला दाब राखण्याचे काम दोन भाग करतात. पंपाच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप पेट्रोलला टाकीकडे परत जाऊ देत नाही, आणि ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ नावाचा स्प्रिंग व पडदा असलेला डबा आतल्या पेट्रोलला मागून रेटत राहतो.

झडप झिजली किंवा डब्यातला पडदा फाटला, तर इंजिन बंद करताच दाब निघून जातो. थंडीत ते कळतच नाही. गरम इंजिनात मात्र नळ्यांतले पेट्रोल उकळून वाफ होते. मग सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. पंप ती वाफ हळूहळू पुढे ढकलतो, गाडी दोनतीन सिलिंडरवर थरथरत जागी होते आणि अर्ध्या मिनिटात, जणू काही घडलेच नाही, अशी सुरळीत चालू लागते. हे लक्षण इतके ठळक आहे की, मालकाने तेवढे जरी नीट सांगितले, तरी जाणत्या मेकॅनिकचे अर्धे काम होते.

उरलेले अर्धे काम दाबाचे मीटर करते. गाडी पुरती गरम करून बंद करायची आणि मीटरच्या काट्यावर नजर ठेवायची. दहावीस मिनिटांत किती दाब उरायला हवा, ते त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असते. काटा झरझर खाली आला, तर गळती नक्की. ती कोठे, हे शोधायला नळीचे रबरी भाग एकेक करून चिमट्याने दाबून बंद करतात. पंपाकडची बाजू दाबल्यावर काटा थांबला, तर झडप दोषी. टाकीकडे परत जाणारी नळी दाबल्यावर थांबला, तर पेट्रोल वाटून देणाऱ्या मुख्य भागातल्या दाबनियंत्रकाचे रबरी कडे खराब. अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागच्या कोरड्या बाजूला पेट्रोल दिसले, तर पडदा फाटलेला. इतके केल्याशिवाय नवा पंप विकत घेणे म्हणजे ताप मोजल्याविना औषध देणे.

मीटर हाताशी नसेल, तर जाणते मेकॅनिक आणखी एक युक्ती करतात. गरम गाडी रुसली, की सेल्फ मारण्याआधी पंप काही सेकंद नुसताच चालवायचा. त्यानंतर इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले, तर दाबच नाहीसा झाला होता हे उघड. एससीमध्ये यासाठी हवेच्या पट्टीजवळचा विजेचा प्लग काढावा लागतो, कारण इंजिन थांबलेले असताना पंप चालू राहू नये, अशी सोय कंपनीने अपघाताचा विचार करून ठेवली आहे. ती सोय कायमची निकामी करणारे महाभागही आढळतात. तसे कदापि करू नये.

याच्या नेमका उलट प्रकारही असतो. थंडीत जादा पेट्रोल देणारी तोटी गळत असली, तर गरम इंजिनात पेट्रोलचा पूर होतो. तेव्हा पेट्रोलचा वास येतो, सुरू होताना काळा धूर निघतो आणि प्लग ओले निघतात. वाफ झाली असेल, तर प्लग कोरडे. जुन्या मेकॅनिकांची ही परीक्षा आजही खोटी ठरत नाही. सारखा सेल्फ मारत बसण्यात आणखी एक धोका आहे. चुकीच्या मिश्रणाचा उलटा भडका उडून या गाडीची हवेची प्लॅस्टिकची पेटी तडकू शकते. थंडीत सुरू करताना हे अधिक घडते आणि ती पेटी बदलणे हे मोठे, खर्चिक काम आहे.

सेल्फच फिरला नाही तर?

इथवर सेल्फ फिरत होता, हे गृहीत होते. काही गाड्यांत गरम झाल्यावर किल्ली फिरवली, की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. हा पेट्रोलचा दोषच नव्हे. पण घरी सांगताना दोन्ही वेळा ‘गरम असताना सुरू होत नाही’ एवढेच सांगितले जाते आणि गोंधळ उडतो.

तांब्याच्या तारेचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यास तो सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. सेल्फच्या सोलेनॉइडची गुंडाळी इंजिनाच्या खाली, तापलेल्या नळकांड्यांच्या शेजारी असते. ती तापली की तिची ओढ कमी होते. त्यात ९११ ची बॅटरी पुढे आणि सेल्फ मागे, म्हणजे वीज अख्खी गाडी ओलांडून जाणार. वाटेत जुने, काळवंडलेले जोड असले, की उरलासुरला जोर तिथे संपतो. पुष्कळदा खरा चोर निघतो तो गिअरबॉक्सपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेला अर्थिंगचा पट्टा. सेल्फ मारताना व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाला लावावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर आधी तो पट्टा घासून स्वच्छ करावा किंवा बदलावा. नवा सेल्फ त्याच्या कित्येक पट महाग पडतो.

ठिणगीचा दोष कमी आढळतो, पण आढळतो. इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक भाग आणि कॉइल तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर पुन्हा शहाण्यासारखे वागतात. त्याची तपासणी साधनाने करावी, वायर हातात धरून नव्हे. एससीच्या इग्निशनचा झटका साधा नसतो.

निर्मात्यांचीही कबुली

इंग्लंडच्या एमजीबीसारख्या कारब्युरेटरवाल्या गाड्यांत तर कारब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच अंगाला असतात. मध्ये एक पत्र्याची आड असते. कोणीतरी दुरुस्तीत ती काढून ठेवतो, पुन्हा बसवायला विसरतो आणि पुढचा मालक वर्षानुवर्षे कारब्युरेटर साफ करत बसतो. इथे बंद गाडीत कारब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा वारंवार न दाबता एकदाच पूर्ण खाली दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. आत जादा हवा जाऊन पूर ओसरतो.

काही वेळा मूळ आराखडाच चुकलेला असतो. पोर्शे ९१४ या १९६९ ते १९७६ मधल्या गाडीचा पेट्रोल पंप आधी इंजिनाजवळ, उष्णतेतच बसवला होता. व्हेपर लॉकच्या तक्रारींनंतर १९७५ च्या मॉडेलपासून तो पुढे, टाकीजवळ नेण्यात आला. जुन्या ९१४ चे मालक आजही तोच बदल करून घेतात.

भारतातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी यात आता आणखी एक भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीला आले. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळले, तरी पेट्रोलची उडून जाण्याची प्रवृत्ती वाढते. त्याहून गंभीर म्हणजे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर नळीतून पडणारा एक थेंब आग लावायला पुरतो. तेव्हा गरम गाडी सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर सेल्फ मारायचा नाही. आधी सर्वांना खाली उतरवावे, बॉनेट उघडून ओल पाहावी आणि नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्याच बसवून घ्याव्यात. अग्निशामक डबा डिकीत सामानाखाली न ठेवता सीटजवळ असावा.

मालकाला यात करण्याजोगे काम अगदी साधे आहे आणि ते घरातले कोणीही करू शकते. एक वही गाडीत ठेवावी. गाडी किती वेळ चालली, किती मिनिटे उभी होती, सेल्फ फिरला की नाही, पेट्रोलचा वास आला का, सुरू झाल्यावर थरथरली का, हे प्रत्येक वेळी लिहावे. चारपाच नोंदी झाल्या, की गॅरेजवाल्याला ती वही दाखवावी. आणि गाडी सकाळी त्याच्या दारात सोडून येऊ नये. दुपारी तासभर चालवून, तापलेली असतानाच न्यावी, मीटर लावायला सांगावे, इंजिन बंद करावे आणि वीस मिनिटे तिथेच बाकावर बसून त्याच्याबरोबर चहा घ्यावा.