विश्लेषण : एक केबल तुटली की आठ गावांचे इंटरनेट का जाते? ‘रिंग’मुळे काय बदलेल?

रस्त्याचे काम सुरू असते, जेसीबीखाली फायबर केबल तुटते आणि दूरच्या गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात सातबारा, दाखले सगळेच अडकते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे अडचण वेगाची नसून जोडणीच्या आराखड्याची, म्हणजेच ‘टोपोलॉजी’ची असते.

सरळ रेषेतली जोडणी म्हणजे काय?

समजा, तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल एकामागून एक दहा गावांना जोडते. याला ‘लिनिअर’ टोपोलॉजी म्हणतात. केबल कमी लागते, खर्चही कमी येतो. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या गावांच्या मध्ये ती तुटली, तर पुढची आठही गावे बंद पडतात.

प्रत्येक गावाला वेगळी केबल दिली तर?

ही ‘स्टार’ टोपोलॉजी. एक केबल तुटली तर एकच गाव बंद पडते. पण केबल आणि खोदाईचा खर्च बराच वाढतो. शिवाय सगळ्या केबल एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीचा एक घावही पुरतो.

घरच्या फायबरचे काय?

तिथे बहुतेकदा झाडासारखी ‘ट्री’ रचना असते. एका फायबरमधला प्रकाश ‘स्प्लिटर’ अनेक घरांत वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. प्रचलित ‘जीपॉन’ तंत्रात सुमारे २.५ जीबीपीएसचा डाउनलोड वेग सगळ्यांत वाटला जातो. एका फायबरवरच्या ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० एमबीपीएसपेक्षा कमी वेग येतो.

रिंग वेगळी कशी?

शेवटच्या गावातून केबल दुसऱ्या वाटेने पुन्हा तालुक्याला आणली की रिंग पूर्ण होते. एका ठिकाणी केबल तुटली, तर डेटा उलट्या दिशेने फिरतो. पारंपरिक रिंग यंत्रणेत हा बदल ५० मिलिसेकंदांत होणे अपेक्षित असते. व्हिडीओ कॉलवरच्या माणसाला ते जाणवतही नाही. वाट दहा किलोमीटरने वाढली, तरी फायबरमधला विलंब सेकंदाच्या फक्त २० हजाराव्या भागाने वाढतो.

भारतनेटमध्ये काय बदलतेय?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात जुने लिनिअर जाळे रिंगमध्ये बदलणे, उरलेल्या ग्रामपंचायती थेट रिंगने जोडणे आणि दहा वर्षांची देखभाल यांचा समावेश आहे.

मग प्रश्न सुटला का?

रिंग एकच घाव झेलते. दहा गावांच्या रिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आणि सातव्या-आठव्या गावांच्या मध्ये केबल तुटली, तर मधली पाच गावे बंद पडतात. म्हणून पहिला तुटलेला भाग दुसरा तुटण्याआधी जोडला गेला पाहिजे. रिंगच्या दोन्ही बाजू वेगळ्या रस्त्यांनी गेल्या पाहिजेत. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर रिंग फक्त नकाशावरच राहील.