जिना चढतानाची धाप आणि फुप्फुसांतील रक्तदाब

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी मेट्रो स्थानक उन्नत मार्गावर असून जून २०१७ पासून ते प्रवाशांसाठी खुले आहे. अशा स्थानकाचा जिना निरोगी माणूस एका दमात चढून जातो. फुप्फुसीय उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला मात्र मध्येच कठड्याला धरून थांबावे लागते. थोड्या विश्रांतीनंतर श्वास पूर्ववत होतो आणि दवाखान्यात बसून केलेल्या तपासणीत अनेकदा काहीच आढळत नाही. मग वाढलेले वजन, रक्तक्षय, दमा किंवा मनाची भीती अशी कारणे पुढे येतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेलाही दोष दिला जातो. परंतु एवढ्या उंचीमुळे हा विकार होत नाही.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा. येथे प्रश्न आहे तो हृदयाच्या उजव्या जवनिकेतून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतील दाबाचा. विश्रांतीच्या वेळी तो सरासरी १४ मिलिमीटर पारा इतका असतो. १९७३ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत २५ ही विकाराची मर्यादा मानण्यात आली होती. २०१८ मध्ये नीस येथील जागतिक परिषदेत ती २० वर आणण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो स्वीकारला.

निरोगी व्यक्ती चालू लागली की फुप्फुसांतील एरवी मिटलेल्या केशवाहिन्याही उघडतात आणि वाढलेला रक्तप्रवाह सहज सामावला जातो. या विकारात रक्तवाहिन्या अरुंद व कडक झालेल्या असतात. हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते, पण तेथे तिला भेटायला पुरेसे रक्तच येत नाही, आणि त्या श्वासाचा मोठा भाग वाया जातो. दुसरीकडे उजव्या जवनिकेला रक्त पुढे ढकलणे जड जाते, स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि रक्तात लवकर आम्लता वाढते. ही आम्लता श्वसनकेंद्राला आणखी डिवचते. रुग्णाला वाटते की श्वास पुरत नाही; प्रत्यक्षात तो निरोगी माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत-बाहेर करीत असतो. या धापेचे वेगळेपण यातच आहे.

ते मोजता येते. तोंडावर मुखवटा लावून रुग्णाला स्थिर सायकल चालवावयास सांगतात. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी निरोगी व्यक्तीला साधारण २५ ते ३० लिटर हवा लागते. याच्याशी निगडित निर्देशांक ४४ च्या वर गेला तर धोका अधिक, असे २०२२ च्या त्याच सूचना मानतात. श्रमाच्या आरंभी निरोगी माणसाच्या उच्छ्वासाच्या अखेरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. येथे तो घटत जातो. सहा मिनिटे चालण्याची चाचणी सोपी असली, तरी धाप का लागते हे तिच्यातून कळत नाही.

निदानाला विलंब होतो, ही या विकारातील खरी हानी होय. अमेरिकेतील 'रिव्हील' या रुग्णनोंदणीत सुमारे २१ टक्के रुग्णांची लक्षणे निदानापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ चालू होती. तरुण रुग्ण आणि आधीच श्वसनमार्गाच्या विकाराचा शिक्का बसलेले रुग्ण यांच्यात हे अधिक घडले. दम्याच्या औषधाने धाप हटत नसेल, तर इकोकार्डिओग्राम करून घेणे आवश्यक ठरते; पक्के निदान मात्र हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजल्यावरच होते.

भारतात संधिज्वराने बिघडलेल्या झडपा आणि हृदयातील जन्मजात छिद्रे ही कारणेही महत्त्वाची आहेत. बनशंकरीपासून फार दूर नसलेल्या जयनगर भागातील श्री जयदेव हृदयविज्ञान संस्थेत अशी आकसलेली झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्यात येते. झडप मोकळी झाली की फुप्फुसांतील दाबही बहुधा उतरतो.

अशा रुग्णांना पूर्वी व्यायाम वर्ज्य होता. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ३० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र १५ आठवड्यांच्या देखरेखीखालील प्रशिक्षणानंतर रुग्ण सहा मिनिटांत, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी १११ मीटर अधिक चालू लागले. हा व्यायाम औषधे स्थिरावल्यानंतर आणि तज्ज्ञांच्या नजरेखालीच करावयाचा असतो. श्रमाच्या वेळी भोवळ आली, तर तो तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.