रातकिड्याची आमरी

आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, परागीभवन हा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा जुना विषय. १८४१ साली याच बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिला या आमरीच्या फुलात बारीक काडी घालून हाताने फळ धरवण्याची युक्ती शोधली. जगभरची व्हॅनिलाची शेती आजही तिच्यावरच चालते. पण त्याच बेटावरच्या जंगलात एका हिरवट-पांढऱ्या आमरीला फळ कोण धरवते, हे कळायला एकविसावे शतक उजाडले.

अँग्रेकम काडेटी ही ती आमरी. रियुनियन आणि मॉरिशस सोडून ती कुठेच आढळत नाही. १९८०च्या दशकात जाँ बॉसर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि रियुनियनचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेरेझियाँ काडे यांचे नाव तिला दिले. दमट जंगलात ती झाडाच्या अंगावर वाढते, पण ती बांडगूळ नव्हे. मुळांनी सालीला नुसती धरून राहते. पट्ट्यासारखी पाने दोन रांगांत, आणि फुलाच्या मागे आखूड, रुंद तोंडाची मधुनलिका.

ही आखूड नलिकाच मोठी विलक्षण. मादागास्करमधल्या तिच्या एका नातेवाईक आमरीची नलिका जवळजवळ फूटभर लांब. ती पाहून डार्विनने १८६२ मध्ये तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असणार असे भाकीत केले आणि ते खरे ठरले. रियुनियनवरच्या अगदी जवळच्या बहिणींकडे मात्र दिवसा चष्मेवाल्याच्या जातीचे छोटे पक्षी येतात. मग काडेटीकडे कोण येत असेल?

हे शोधायला संशोधक क्लेअर मिशेनो आणि सहकाऱ्यांनी रात्री टिपणारे कॅमेरे लावले. दिसला तो रातकिड्यांच्या गोतातला एक बिनपंखी, लांबलचक मिशांचा कीटक. पानावरून चढत किंवा शेजारच्या झाडावरून उडी मारत तो यायचा, त्यातल्या त्यात ताजे फूल निवडायचा आणि नलिकेत डोके खुपसायचा. सरासरी साडेसोळा सेकंद, कधी ४१ सेकंदही. डोके बाहेर यायचे ते परागपुंज चिकटवूनच. नलिकेचे तोंड आणि त्याचे डोके एकमेकांच्या मापाचे! पाने कुरतडणारा म्हणूनच ओळखला जाणारा हा कीटकगट परागीभवन करतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकाचे नावही ठेवले गेले ग्लोमेरेमस ऑर्किडोफिलस, म्हणजे आमरीप्रेमी. ला प्लेन दे पाल्मिस्त इथल्या, केवड्याच्या कुळातल्या झाडांच्या जंगलात ४६.५ टक्के फुलांतले पराग उचलले गेलेले आढळले.

वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावरून पाने-पाकळ्या मोजता येतात, हा पाहुणा दिसत नाही. म्हणून आमरीचे वर्णन खऱ्या अर्थाने पूर्ण झाले ते त्या रात्रीच्या चित्रणाने.

ही आमरी वाचवायची तर कुंडीत जपून भागणार नाही. रातकिडा ज्या गचपणातून चढतो, ते जंगलच राहायला हवे. मॉरिशसमध्ये मूळ जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्यातही बाहेरून आणलेला चिनी पेरू माजतो आहे. कोकणातून गेलेल्यांची मराठी वस्ती आजही या बेटावर आहे, दरवर्षी महाराष्ट्रातून पर्यटकही तिथे जातात. त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस तरी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातल्या त्या उरल्यासुरल्या जंगलाला द्यावा.